एकतीस वर्षांची बॅच

१ सप्टेंबर, रविवार. बसमध्ये.

वही नवी. पेन नवं. निश्चय जुना.

उद्यापासून कंपनीच्या दुसऱ्या युनिटमध्ये सहा आठवडे डेप्युटेशन. मी स्वतःहून मागून घेतलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, तिकडे जायला कोणी तयार नसतं, तुम्ही कसे काय? म्हणालो, कंपनीसाठी. त्यांचे डोळे भरून आले. सर्दी होती असं नंतर कळलं.

खरं कारण इथे लिहितो. मुलगी म्हणते, लग्न करीन तर त्याच्याशीच. तो म्हणजे त्या गावातला एक चष्मेवाला. स्वतःचं दुकान आहे, डोळे तपासतो, काचा बसवतो. मुलगा चांगला आहे असं आमच्या घरी सगळ्यांचं मत आहे. सगळ्यांचं म्हणजे दोघींचं. पण मुलगा बघून मुलगी देतं का कोणी? स्वयंपाकघर बघून द्यायची असते. तिकडच्या लोकांच्या खाण्यापिण्याबद्दल मी जे ऐकलंय ते जेवायच्या आधी लिहिण्यासारखं नाही.

शितावरून भाताची परीक्षा, हे आमच्या खात्याचं ब्रीद. सव्वीस वर्षं बिस्किटांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. नाक हे माझं करिअर आहे. सहा आठवडे गुपचूप निरीक्षण करायचं, मुद्देसूद रिपोर्ट करायचा आणि मुलीपुढे ठेवायचा. ती हुशार आहे, माझ्यावर गेलीय. वाचून स्वतःच नको म्हणेल.

राहायची खोलीही तिनेच शोधून दिली. ओळखीच्या बाई आहेत म्हणाली. पोरीला कशाचाही संशय नाही.

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.२०

मालकीणबाई साठीच्या पुढच्या, एकट्या राहतात. खोली स्वच्छ आहे. (हे रिपोर्टमध्ये घेणार नाही.)

चहा आला. पहिला घोट घेतला आणि तसाच खिडकीतून बाहेर टाकला. चहात मीठ! विचारलं तर म्हणाल्या, इकडे सगळे चिमूटभर घालतात, साखरेची चव उठते. मुद्दा १. दुसरा घोट घेण्याआधी कप नाकाखाली धरून तीन वेळा वास घेतला. धंद्याची सवय. बाई टक लावून बघत होत्या. इतक्या बारकाईने चहा पिणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा.

संध्याकाळी ८.००

आधी दोनदा हात धुतले, मग लिहायला बसलो.

स्वयंपाकघरात एक मोठं पातेलं. बाहेरून काळंकुट्ट. बाईंनी विचारलं, थोडं जुनं वाढू का? मला वाटलं, लोणचं असेल. निघाला रस्सा. जुनं म्हणजे किती जुनं, असं सहज विचारलं. तर म्हणाल्या, हे पातेलं कधी रिकामं करत नाहीत. रोज तळाशी थोडं ठेवायचं, त्यातच नवं घालायचं, सकाळ-संध्याकाळ उकळी काढायची. असं एकतीस वर्षं चाललंय.

एकतीस वर्षं! आमच्याकडे कालचं पीठ आजच्या बॅचमध्ये गेलं तर शिफ्ट इन्चार्ज घरी जातो. इथे मॅन्युफॅक्चरिंग डेट: एकतीस वर्षांपूर्वी. एक्स्पायरी: खाणाऱ्याची.

कोरडा भात खाऊन उठलो. घरच्या रश्शाची फार आठवण आली. गेल्या सात-आठ महिन्यांत हिच्या हाताला अशी काही चव आलीय की मी दोनदा मागून घेतो. अर्थात, मी रोज सूचना करतो त्याचाच हा परिणाम.

५ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

मुद्दे ७ ते ११ एकदम.

इथे कोणी घरात आलं की आधी नमस्कार करत नाही. चप्पल काढायची, हात धुवायचे, तडक स्वयंपाकघरात जायचं, पातेल्याचं झाकण उचलायचं, एकदा ढवळायचं, मग बाहेर येऊन कसं काय म्हणायचं. आज पलीकडचा शिंपी येऊन ढवळून गेला. समोरची नर्स ढवळून गेली. नर्स! मेडिकल लाइनची बाई! शिंप्याने तर खिशातून दोन टोमॅटो काढून आत सोडले. खिशातून! त्याच खिशात खडू आणि टेप असते.

मी शिंप्याला बॅक्टेरियाबद्दल समजावून सांगितलं. वीस मिनिटं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुमची पँट मागे उसवली आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

८ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३.००

विचित्र योगायोग. दुपारी जेवायला बसतो तोच दारात चष्मेवाला! हातात पिशवी, तोंडभर हसू. मला बघून दचकला नाही. उलट वाकून नमस्कार केला आणि प्रवास कसा झाला काका, म्हणून विचारलं. मी इथे असल्याचा त्याला पत्ता कुठून लागला देवाला ठाऊक. बहुधा माझ्या मागावर आहे. सासऱ्यावर छाप पाडायची धडपड, दुसरं काय.

मग सरळ आत गेला, झाकण उचललं, ढवळलं आणि मालकीणबाईंना म्हणाला, आत्या, मीठ कमी आहे. आत्या! या गावात दिसेल त्या बाईला आत्या म्हणतात. नात्यांना काही किंमतच नाही. मुद्दा १४.

दोघं जेवताना सारखे बोलत होते. मुद्दा १५. मी दर घासाला वास घेत मुकाट्याने खाल्लं. मुलगा दोनदा माझ्याकडे बघून खाली बघायला लागला. दडपण आलं असणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार. फॅक्टरीत, लंच टाइम.

लाइन दोनवरची बिस्किटं एका कडेला करपतात. भट्टीवाल्याला सांगितलं. म्हणाला, इकडच्या लोकांना तशीच आवडतात. आवडतात! ग्राहकाच्या आवडीवर क्वालिटी चालायला लागली तर आटोपलंच.

कॅन्टीनमध्ये सगळे आपापले डबे टेबलाच्या मधोमध सरकवतात आणि मग कोणाचाही हात कोणाच्याही डब्यात. बघवत नाही. मी भिंतीकडे तोंड करून खातो. पॅकिंगच्या बायका मला नाकाने कांदे सोलणारे साहेब म्हणतात, असं भट्टीवाल्याकडून कळलं. माझ्या नाकाची कीर्ती दहा दिवसांत पॅकिंगपर्यंत पोचली म्हणायची.

१७ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.४५

मुद्दा २३. इथे माणूस निघतो म्हणाला की खरी भेट सुरू होते. पाहुणा दारात, यजमान दारात, आणि अर्धा तास बोलणं. आज मी नुसता पत्र टाकायला निघालो होतो. मालकीणबाईंनी दारातच गाठलं. पातेल्याची हकीकत सांगत होत्या. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा, वहिनीने पहिल्या दिवशी, वहिनी गेल्यावर मी, असं काहीबाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. हो हो म्हणालो. बाईंचे डोळे ओले झाले. चांगला श्रोता मिळाला की लोकांना भरून येतं.

पोस्टमन पेटी रिकामी करून गेला होता.

२१ सप्टेंबर, शनिवार. दुपार.

न चाखता रिपोर्ट करणं व्यवसायाला धरून नाही. बाई बाजारात गेल्या होत्या. सॅम्पल म्हणून एक चमचा जुनं घेतलं. एका चमच्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. म्हणून दोन वाट्या घेतल्या.

चव चांगली आहे. मुद्दा ३०: शुद्ध फसवणूक. खराब माल खराब लागला तर ग्राहक सावध तरी होतो.

चव ओळखीची वाटली. कुठली ते आठवेना. इथल्या हवेने जिभेचंही वाटोळं झालं.

२२ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

पोट उत्तम. संशयास्पद.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०

संधी चालून आली!

मालकीणबाई दोन दिवसांसाठी मैत्रिणीच्या लेकीकडे गेल्या. तिला मूल झालंय. जाताना म्हणाल्या, भाऊ, एवढं करा, जुन्याला सकाळ-संध्याकाळ उकळी काढा, चुकवू नका. पातेल्याच्या कडेवरून हात फिरवला आणि गेल्या. (दारात पस्तीस मिनिटं.)

मी बराच वेळ पातेल्यासमोर उभा होतो. सव्वीस वर्षांत मी कोणत्याही सदोष बॅचकडे काणाडोळा केलेला नाही. आज एका असहाय म्हाताऱ्या बाईच्या घरात एकतीस वर्षांची सदोष बॅच समोर आहे आणि माझ्याशिवाय कोणी नाही. उद्या माझी मुलगी सून होऊन या गावात आली तर तिला हेच ढवळायला लागेल. छे! नुसता रिपोर्ट लिहून गप्प बसणारा मी नव्हे.

उद्या सुट्टी आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १.१५

काम फत्ते.

सगळं ओतून दिलं. तळाशी काळा थर होता, तो गरम पाणी आणि सोडा घालून भिजवला, तारेच्या घासणीने दोन तास घासला. हाताला फोड आले. पातेलं आतून चांदीसारखं निघालं. एकतीस वर्षांत त्या पातेल्याने स्वतःचा तळ पाहिला नसेल.

मग ताजा रस्सा केला. थर्मामीटर लावून. वजनकाट्यावर मीठ मोजून. थोडा पांचट झालाय, पण सुरक्षित. झाकणावर फॅक्टरीतलं लेबल चिकटवलं: बॅच नंबर १, उत्पादन दिनांक २८ सप्टेंबर, तीन दिवसांच्या आत वापरावे.

बाईंना केवढा आनंद होईल! कदाचित रडतील.

२९ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

रडल्या नाहीत.

अकराला आल्या. हात धुतले, आत गेल्या, लेबल वाचलं, झाकण उचललं. स्टुलावर बसल्या. मी सगळी प्रोसेस समजावून सांगितली, फोड दाखवले. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण ऐकत नव्हत्या.

शिंपी आला. झाकण उचललं, ढवळलं नाही, चप्पल घालून गेला. नर्स आली, तीही तशीच गेली. दारात कोणी अर्धा मिनिटसुद्धा थांबलं नाही.

मग चष्मेवाला आला. बघत राहिला. म्हणाला, सगळं? मी म्हणालो, तळाशी चिकटलेलंसुद्धा. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग अगदी हळू म्हणाला की काका, हे आईने लग्न होऊन आली त्या आठवड्यात लावलं होतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या हातचं थोडं त्यात होतं.

मालकीणबाई त्याची सख्खी आत्या आहेत. या गावात सगळ्यांना आत्या म्हणत नाहीत.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला मला उत्तर देता येतं. त्याने आत्याला पाणी दिलं आणि मलाही दिलं.

३० सप्टेंबर, सोमवार. लंच टाइम.

शांतपणे विचार केला. रोज निम्मं संपतं आणि निम्मं नवं पडतं. नऊ वर्षं म्हणजे तीन हजारांवर दिवस. त्याच्या आईच्या हातचं किती उरलं असेल याचं गणित मांडलं. दशांश चिन्हानंतर शून्यं लिहीत गेलो, पान संपलं. म्हणजे शास्त्राप्रमाणे काहीही उरलेलं नव्हतं. मी काहीही ओतून दिलेलं नाही.

त्याला सांगायला दुकानात गेलो. तो एका आजोबांचे डोळे तपासत होता. अक्षरं दिसतात का विचारत होता. मी काचेबाहेरून बघितलं आणि परत आलो. गणित बरोबर आहे. सांगावंसं वाटलं नाही.

संध्याकाळ.

नर्स पायरीवर भेटली. मी विचारलं की गावात दुसऱ्या घरात थोडं असेल ना. म्हणाली, प्रत्येक घराचं वेगळं असतं. ते उसनं देत नाहीत. घरात येणाऱ्या किंवा घरातून जाणाऱ्या मुलीलाच देतात. या घरात मुलगी नाही. मग तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी करपलेल्या बिस्किटाकडे बघतो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. बॅच नष्ट करण्याआधी राखीव नमुना ठेवायचा असतो. प्रत्येक बॅचचे दोन पुडे, कपाटात, तारीख घालून. हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच विसरलो.

१ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ७.३०

खरं म्हणजे मी खूश व्हायला हवं. लग्न आपोआप मोडलं. आता ते लोकच आमच्या घराशी सोयरीक करायचे नाहीत. रिपोर्टची गरजच पडली नाही.

ही आनंदाची बातमी द्यायला घरी फोन केला. मुलीने घेतला. तिला सगळं माहीत होतं. मी पातेलं घासलं हे एकूण किती लोकांना माहीत आहे याची यादी केली तर गावच निघेल. मी हॅलो हॅलो करत राहिलो. मग हिने फोन घेतला.

हिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, आठ महिन्यांपूर्वी त्याने पोरीला एका छोट्या डब्यात त्यांच्या घरचं जुनं दिलं. तेव्हाच त्यांचं ठरलं होतं. पोरगी रोज दोनदा उकळी काढते. तुम्ही जो रस्सा दोनदा मागून घेता, घेऊन माझ्या हाताचं कौतुक करता, तो मी केलेला नाही. तो तोच आहे.

फोन ठेवला. बेसिनपाशी गेलो. तीन वेळा चूळ भरली. जीभ घासली. मग लक्षात आलं की आठ महिने गुणिले दोन वेळा गुणिले दोन वाट्या. चूळ भरून काय होणार?

आता ती चव कुठली ते आठवलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, नमुना घरी आहे. सांडलंत तुम्ही, तर न्यायचंही तुम्हीच.

मी म्हणालो की मला लाइन दोनचं काम आहे. ती म्हणाली, मी तिकीट काढलंय.

५ ऑक्टोबर, शनिवार. घरी.

सहा तास बस. ही नीट बोलत नाही. जेवायला बसलो. रस्सा वाढला. दोघी माझ्याकडे बघत होत्या. ताट नाकाशी नेलं तर ही म्हणाली, सव्वीस वर्षं मी रांधते आणि तुम्ही चोरीचा माल असल्यासारखा वास घेता. आज नका घेऊ. नाही घेतला. दोनदा मागून मात्र घेतलं.

मुलीने पातेल्यातलं निम्मं डब्यात ओतलं. माझ्याच मोजपात्राने, अगदी रेघेवर. मी विचारलं, सगळं का देत नाहीस, तिकडे तर काहीच नाही. म्हणाली, निम्मं इथे राहतं, तशी रीत आहे. मला कंजूषपणा वाटला, पण मुद्दा लिहिला नाही. मुद्दे लिहिण्यासारखी माझी परिस्थिती राहिलेली नाही.

६ ऑक्टोबर, रविवार. बसमध्ये आणि नंतर.

डबा मांडीवर. सरळ धरायचा, आडवा होऊ द्यायचा नाही, झाकण घट्ट लावायचं नाही. सहा तास मी आळोखेपिळोखे दिले नाहीत, शिंकलो नाही. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे? म्हणालो, जुनं. त्या त्याच गावच्या निघाल्या. मग मागच्या सीटवर कळलं, मग पुढच्या. ड्रायव्हरने वळणावर गाडी हळू घेतली. एकाने माझ्यासाठी पाण्याच्या बाटलीचं बूच उघडून दिलं, माझे हात गुंतले होते म्हणून. त्याच बाटलीतून तोही प्यायला होता. मी प्यालो.

मी लग्न मोडायला निघालेला माणूस. आणि मीच ते मांडीवर घेऊन सहा तास सांभाळत आणतोय. याला काय म्हणावं!

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. डबा घेतला, पातेल्यात ओतला, गॅस लावला. लेबल अजून झाकणावर होतं, ते मी नखाने काढलं. चष्मेवाला आला. उकळी आल्यावर बाईंनी मोठा चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ढवळा भाऊ. ढवळलं. तो म्हणाला, काका, मीठ बरोबर आहे. चष्मा पुसत होता. या वेळी वाफ होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार. परतीच्या बसमध्ये, संध्याकाळी ५.१०

डेप्युटेशन संपलं. युनिटने हेड ऑफिसला कळवलंय की पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवावा. द्वेष.

दारात एक तास दहा मिनिटं लागली. त्यात बाईंनी रीत नीट समजावली. या वेळी घड्याळ बघितलं नाही. मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा निम्मं आईबापाकडे ठेवून जाते. म्हणजे ती तिकडे जेवायला बसली आणि तुम्ही इकडे बसलात तरी ताटात एकच असतं. मी विचारलं, जाते तेव्हा म्हणजे? लग्नाच्या वेळी ना? म्हणाल्या, हो भाऊ, पुढच्या महिन्याची तारीख तुमच्याच घरून आलीय. तुम्हाला सांगितली नाही का?

बसमधून घरी फोन केला. खूप काही बोलायचं होतं. एकुलती एक आहेस, सहा तासांचं अंतर आहे, मला स्वयंपाकघराची वगैरे काही पडलेली नव्हती, तू लांब जाऊ नयेस, एवढंच होतं. ते सगळं बाजूला राहिलं आणि मी विचारलं, आज उकळी काढलीस का?

म्हणाली, काढली. बाबा, पुढच्या महिन्यापासून ते तुमच्याकडे आहे. आईचे तेव्हापासून संध्याकाळी क्लास सुरू होतायत.

विचारलं, किती मिनिटं, किती डिग्री? म्हणाली, तसं काही नसतं. तळापासून बुडबुडे येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. मी तेवढ्या वेळात आईशी गप्पा मारते.

मी विचारलं, आणि मी कोणाशी मारू?

ती हसली. मग म्हणाली, मला फोन करा.

बरं म्हणालो.